ज्यांना पेढा मिळाला

आमच्या सरांना कोणी नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नसत. "हात दाखव," म्हणायचे. समोर रुग्ण असो, टाय लावून आलेला औषध कंपनीचा माणूस असो, नाहीतर मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेला बाप असो, आधी दोन्ही हात पुढे करायचे, तळवे दाखवायचे, मग उलटे करून नखं. सर चष्म्यावरून बघणार आणि मगच पुढचं बोलणं. भाईंदरच्या नवघरला त्यांच्या दवाखान्यात मी पहिल्या दिवशी रुजू व्हायला गेले, तेव्हा माझ्या हातात प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल होती. ती त्यांनी उघडलीच नाही. हात बघितले आणि म्हणाले, "अंगठी काढ. अंगठीखाली एक अख्खं गाव राहतं." अंगठी साखरपुड्याची होती. होणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचं याचा विचार करत मी ती पर्समध्ये टाकली, आणि पुढे लग्न झाल्यावरही ती पर्समध्येच राहिली.

कौतुक हा प्रकार सरांकडे नव्हता. मी एखादं निदान बरोबर केलं तर ते फक्त "हं" म्हणायचे. चूक केली तर मात्र रुग्णासमोरच, "बाई, डिग्री परत करा." माझ्याआधी तीन जण ही नोकरी सोडून गेले होते. मी टिकले ते चिकाटीमुळे नाही. दवाखाना माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, म्हणून टिकले.

लोकांना नाटकाचं वेड असतं, गड चढण्याचं असतं. सरांना परिषदांचं होतं. त्यातही हृदयरोग, मधुमेह असल्या मोठ्या घरच्या आजारांच्या परिषदांकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांना हवे असत ते एकाचे दुसऱ्याला लागणारे आजार. कावीळ, हिवताप, डेंग्यू, गोवर, जुलाब. यांपैकी कशाचीही परिषद, चर्चासत्र, कार्यशाळा कुठेही असली की दवाखान्याच्या दाराला पाटी लागायची, 'डॉक्टर परिषदेला गेले आहेत. ताप असल्यास मॅडम आहेत.' मॅडम म्हणजे मी. ताप नसलेल्यांनी काय करायचं, हे पाटीवर कधीच नसायचं.

परिषदेत प्रत्येकाला एक पिशवी मिळते. आत पेन, कार्यक्रमपत्रिका, कुठल्याशा औषधाचं चकचकीत माहितीपत्रक. सर आतलं सगळं रद्दीत घालायचे आणि पिशव्या जवळच्या राई-मुर्धा गावांतल्या कोळणींना वाटायचे. चांगल्या मजबूत पिशव्या, दोन-दोन कप्प्यांच्या. त्यामुळे भाईंदरच्या मासळीबाजारात काही वर्षं असं दृश्य होतं की बोंबील घ्यावेत ते 'हिवताप निर्मूलन' लिहिलेल्या पिशवीतून आणि सुटे पैसे निघावेत ते 'कावीळ : नवी आव्हाने'मधून. राईतल्या एका घरी मी साखरपुड्याला गेले होते. मुलाकडच्यांनी साडी, नारळ आणि पेढ्यांचा पुडा आणला तो 'क्षयरोग : वेळीच ओळखा' या पिशवीत घालून. मुलीच्या आजोबांना वाचता येत होतं. ते बराच वेळ मुलाच्या छातीकडे बघत बसले होते.

परिषदेला गेल्यावर सर बसत कमी आणि फिरत जास्त. हॉटेल कितीही तारांकित असो, आधी कुंड्यांखालच्या बशा उचलून बघणार, मग स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहणार. जेवताना ते रांगेत कधी लागले नाहीत. थेट आचाऱ्याकडे जाऊन कढईतून निघालेलं पहिलं वाढून घ्यायचे. "वाफ येत असेल तर खा, नसेल तर निघ," एवढंच त्यांचं आहारशास्त्र होतं.

एका मोठ्या परिषदेत डेंग्यूवर व्याख्यान चालू होतं. वक्ते आमच्या मीरा रोडचेच, मोठ्या रुग्णालयाचे मालक, सुंदर सूट, सुंदर इंग्रजी. पडद्यावर डासाचं भलंमोठं चित्र. सर मध्येच उठले आणि मंचावर चढले. व्यासपीठाशेजारी फुलांनी भरलेली उंच काचेची फुलदाणी होती. तिच्यातली फुलं त्यांनी उपसून बाजूला ठेवली आणि ते भांडं उचलून दिव्यासमोर धरलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. "डॉक्टरसाहेब," सर म्हणाले, "चित्र कशाला दाखवता? तुमच्या कोपराशी जिवंत आहेत." सभागृहात जो हशा पिकला, तो त्या वक्त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं. पुढे तेच आमच्या डॉक्टर संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि ही गोष्ट सरांना फार महागात पडणार अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती.

प्रत्येक व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला पहिला हात सरांचा वर जायचा आणि प्रश्न कायम एकच असायचा. "हे सगळं ठीक आहे. पण आमच्याकडे नळाला पाणी येतं ते त्याच्या मर्जीनं. हात धुवायचे कशानं?" दिल्लीहून आलेले तज्ज्ञ एकमेकांकडे बघायचे. सर खाली बसायचे आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटायचे, "आजार भाईंदरला आणि परिषद बांद्र्याला." हे वाक्य ते इतक्या वेळा बोलले की शेवटी संघटनेनं कंटाळून ठराव केला. लागणाऱ्या आजारांच्या नियंत्रणावरची पुढची दोन दिवसांची परिषद भाईंदर पश्चिमेला भरवायची आणि कार्यवाह सरांनी व्हायचं. अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "करू दे त्यांना. कळेल किती घाम निघतो ते."

सरांना घाम निघाला नाही. वयाची सत्तरी जवळ आलेला तो माणूस लग्नघरातल्या करवलीसारखा नाचत होता. हॉल ठरला. जेवणाचं काम त्यांनी केटररला न देता राईच्या हिराबाईंना दिलं. हिराबाई आधी मासे विकायच्या, मग गावातल्या लग्नांची जेवणं करू लागल्या, आणि आता चार बायका हाताशी घेऊन त्यांना मोठी कामं घ्यायची होती. "डाक्टरांच्या जेवनाला नाव झाला की मंग हॉलवालेपन बोलवतील," असं त्यांनी मला सांगितलं होतं. अध्यक्षांना हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, परिषदेत कोलंबीचं कालवण शोभत नाही.

परिषदेच्या चार दिवस आधी सर हॉलच्या गच्चीवर चढले. टाकीचं पाणी त्यांना स्वतः तपासायचं होतं. तिथला माणूस किल्ली आणायला गेला तेवढाही धीर त्यांना धरवला नाही, आणि पत्र्याचं झाकण उचलताना उजव्या हाताचं बोट कापलं. पाणी उत्तम निघालं. बोटाला त्यांनी पट्टी लावली आणि विसरून गेले. आम्हीही विसरलो.

परिषदेच्या दिवशी सकाळी मी हॉलवर पोहोचले तर दारात सर उभे. नवा सदरा, हातात स्टीलचा डबा. मी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. त्यांनी नखं बघितली नाहीत. माझ्या तळव्यावर पेढा ठेवला आणि मी तो खाल्ल्यावर दुसरा ठेवला.

करोनाच्या कितीतरी आधीपासून हा माणूस कुणाशी हस्तांदोलन करत नव्हता. जग लांबून नमस्कार करायला लागलं तेव्हा ते म्हणाले होते, "आले सगळे माझ्या रांगेत." आणि आज ते स्वतःच्या हातानं लोकांना पेढे देत होते.

"घरी केलेत," ते म्हणाले. "काल दुपारी. खवा आणला, भाजला, वळले. आमची आई असंच करायची. विकतचे पेढे वाटणं म्हणजे दुसऱ्याला पैसे देऊन आपला आनंद करून घेणं."

"तुम्ही नाही खाल्ला?"

"मला साखर आहे, विसरलीस? डिग्री परत कर."

त्या दिवशी माझी संकष्टी होती, पण पेढा चालतो. मी आत गेले. सर येणाऱ्या प्रत्येकाला नव्हे, पण निवडून निवडून लोकांना बाजूला घेत होते, डबा उघडत होते, पुन्हा बंद करत होते.

दुपारच्या जेवणाच्या आधीच मला मळमळायला लागलं. उपाशीपोटी धावपळ केली की माझं पित्त उसळतंच, त्यामुळे मी कुणाला काही न सांगता दोनदा उलटी केली आणि रिक्षा करून घरी गेले. त्यामुळे पुढचा तमाशा मी ऐकला तो फोनवरून. जेवणं आटोपली, 'अन्नातून होणारी विषबाधा' हे व्याख्यान सुरू झालं, आणि श्रोते एकेक करून तोंडावर रुमाल धरून बाहेर धावायला लागले. वक्त्यांना आधी वाटलं आपलं बोलणं रटाळ होतंय. मग ते स्वतःच धावले. साथरोग तज्ज्ञांनी भरलेल्या हॉलमध्ये साथ आली होती, आणि हॉलमध्ये स्वच्छतागृहं होती दोन.

तासाभरात निदान झालं. तज्ज्ञ फार होते, त्यामुळे फार लवकर झालं. कोलंबी! एक गुजराती बालरोगतज्ज्ञ कट्टर शाकाहारी होते, तेही आडवे पडले होते. पण त्यांनीही पोट धरून साक्ष दिली, "अरे साहब, मैंने तो छुआ भी नहीं, पर चमचा तो वही था ना! उसमें भी वही, दाल में भी वही!" अध्यक्ष ठणठणीत होते. त्यांनी जाहीर केलं की दुसऱ्या दिवशी जेवण बाहेरून येईल आणि समारोपात या बाईंचं नाव घेऊन सगळ्या संघटनांना सावध केलं जाईल. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या ग्रुपवरून बातमी गावात आणि गावातून राईत गेली. हिराबाईंकडे पुढच्या आठवड्यात एक बारसं होतं. त्या लोकांनी फोन करून सांगितलं, राहू दे.

हिराबाईंनी मला फोन केला. त्या रडत नव्हत्या, संतापल्या होत्या. "बोलतान कोलंबी बाधली. माजी कोलंबी? सकालची ताजी, माज्या हातानं सोललेली! डाक्टर सोता बाजूला हुबं होतं, उकलतं कालवान खाल्लान त्यांनी. त्यांना काय झाला न्हाय. सगल्या गावाची लग्ना जेवली माज्या हातची. आता कोन बोलवल मला?"

मी म्हटलं, "मावशी, सर शोधून काढतील."

सर शोधतच होते. आजारी पडलेल्या प्रत्येकाला आणि न पडलेल्यांनाही ते फोन करत होते. भात खाल्ला? डाळ? कोलंबी? सोलकढी? कोशिंबीर? पाणी कुठलं प्यायलात? आणि काही जुळत नव्हतं. कोलंबी न खाल्लेले आडवे, दोनदा खाल्लेले उभे. संध्याकाळी उशिरा त्यांनी मला फोन केला, तोही चौकशीसाठी नाही, वैताग काढायला.

"तुझा आवाज असा का येतोय?"

"उलट्या झाल्या सर. पित्त."

"पित्त हे निदान नाही. निदान न करण्याची सबब आहे. काय खाल्लं होतंस?"

"काही नाही. संकष्टी होती."

"हॉलवरचं काहीच नाही?"

"काहीच नाही. पाणीपण घरचं."

"सकाळपासून पोटात गेलं काय?"

"घरून निघताना चहा. बाकी काही नाही सर. फक्त..."

मी थांबले. दारातला तो डबा दोघांनाही एकदमच आठवला. सगळ्यांना त्यांनी पानातल्या एकेका पदार्थाचं विचारलं होतं, आणि पेढ्याचं नाव ना त्यांच्या तोंडी आलं होतं ना आजारी माणसांच्या. येणार कसं? पेढा हे काय जेवण असतं? पेढा म्हणजे बातमी. कुणी पास झालं, कुणाला मुलगा झाला, कुणाची परिषद एकदाची भाईंदरला भरली. तो तोंडात टाकतात, अभिनंदन म्हणतात आणि विसरतात.

"पट्टी ओली झाली होती," सर म्हणाले. "खवा मळताना काढून ठेवली. बोट जरा पिकलं होतं. मग डबा रात्रभर ओट्यावर. या उकाड्यात. अगदी पुस्तकात देतात तसं."

मी त्यांना म्हटलं की सर, आपण 'कारण अस्पष्ट' असं सांगू. होतं असं बऱ्याच साथींत. हे मी त्यांच्या प्रेमापोटी म्हटलं. उद्या हे सांगितलं तर अध्यक्ष त्यांना आयुष्यभर सोडणार नाहीत, हे मला दिसत होतं. जिथे जातील तिथे हसं होईल. परिषद हीच तर त्यांची सगळी हौस होती.

"कारण अस्पष्ट म्हटलं की संशय हिराबाईंवरच राहतो," ते म्हणाले. मग आवाज एकदम उतरला. "जन्मभर जगाला हात दाखव म्हणत आलो. मला कुणी विचारलंच नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताक-मीठ पिऊन कशीबशी हॉलवर गेले. दारात सर उभे होते, कालचाच सदरा. का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हात दाखवा."

त्यांनी शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. तळवे, मग नखं. उजव्या बोटाला जाडजूड ड्रेसिंग होतं. मी म्हटलं, "जा आत." ते आत गेले.

हॉलच्या मागच्या दाराशी टेम्पो उभा होता. दुपारचं जेवण दुसरीकडून सांगितलेलं असूनही हिराबाई टोप भरून आल्या होत्या आणि टेम्पोला टेकून उभ्या होत्या. आजूबाजूला कुणी फिरकत नव्हतं. मी त्यांचा हात धरून त्यांना शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं.

अध्यक्ष ध्वनिक्षेपकापाशी येऊन "कालच्या दुर्दैवी प्रकाराबद्दल" एवढं म्हणाले, तोच सर मंचावर चढले. त्यांना मंचावर चढताना पाहून अध्यक्षांनी सवयीनं फुलदाणीकडे बघितलं.

"साथीचा उगम सापडला आहे," सर म्हणाले. "मी आहे." आणि बोट वर केलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. टाकीचं झाकण, पट्टी, खवा, डबा, ओटा. एखाद्या तिऱ्हाइताची केस मांडावी तसं, काही न लपवता, काही न सजवता. काल सकाळी ज्यांना पेढा मिळाला त्यांनी हात वर करा म्हणाले. हात वर झाले. यातले आजारी न पडलेले हात खाली घ्या म्हणाले. जेमतेम एखादा खाली गेला. "कोलंबी निर्दोष आहे. हिराबाई निर्दोष आहेत. त्यांचं नाव ज्यांनी ज्यांनी ग्रुपवर टाकलंय, त्यांनी माझं नावही तिथेच टाकावं. आत्ता टाका, मी थांबतो." आणि ते खरोखरच थांबले. सगळ्या हॉलनं खाली मान घालून मोबाईल काढले.

या शांततेत अध्यक्षांच्या डोक्यात काहीतरी हळूहळू शिरत होतं. ध्वनिक्षेपक चालूच होता. "म्हणजे," ते म्हणाले, "मला पेढा दिलाच नाहीत?"

हॉल फुटला. कालचे आजारी पोटं दाबून हसत होते, त्यांना हसणंही सोसत नव्हतं. "नाही दिला," सर शांतपणे म्हणाले. "डबा लहान होता. माझी माणसं तेवढी निवडून दिला." मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पांढरेफटक चेहरे होते ते छाती काढून बसले, आणि धडधाकट होते ते खट्टू झाले. ते गुजराती बालरोगतज्ज्ञ उठून म्हणाले, "साहब, मैं तो दो बार अस्पताल जाके आया, थँक यू!"

मागून हिराबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "आता टोप उतरवू का गो?" मी म्हटलं, "उतरवा मावशी." त्या दिवशी बाहेरून आलेलं जेवण तसंच पडून राहिलं. अध्यक्षांनी कोलंबी दोनदा घेतली, कदाचित सरांना दिसावं म्हणून. बारशावाल्यांचाही फोन संध्याकाळी परत आला.

पण त्याआधी, सर मंचावरून उतरायच्या आत, एक तरुण डॉक्टर प्रश्न विचारायला उभा राहिला. तो होता नागपूरचा, त्याला इथलं कुणी माहीत नव्हतं. "सर, जास्त पेढे खाल्ले तर त्रास जास्त, असा संबंध दिसला का?"

मी मागे बसले होते, मांडीवर मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. छताकडे बघितलं.

"सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "सगळ्यांना एकेकच दिला होता. दोन दिले ते एकाच माणसाला." आणि पुढे म्हणाले, "त्या बाईंना सगळ्यात जास्त त्रास झाला."

उलट्यांनी माझा जीव अर्धा झाला होता, आणि मला त्या क्षणी इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.